न्यायासाठी बसवून ठेवलेली माणसे

२१ एप्रिल १९९५ रोजी लॉस एंजेलिसच्या न्यायालयात ओ. जे. सिम्प्सन यांच्यावरच्या खुनाच्या खटल्याचे काम सुरूच होईना. वकील आले होते, न्यायाधीश लान्स इटो आले होते, पण ज्युरीच्या खुर्च्या रिकाम्या. ज्युररांवर पहारा ठेवणाऱ्या तीन पहारेकऱ्यांना इटो यांनी हलवले होते आणि त्याचा निषेध म्हणून १३ ज्युरर अडून बसले होते. शेवटी ते आले ते काळे कपडे घालून. ११ जानेवारीपासून ही माणसे एका हॉटेलात जवळजवळ कैदेत होती. वर्तमानपत्रातला खटल्याचा मजकूर कापून मग उरलेले पान हाती पडे, घरी केलेल्या फोनवर कोणीतरी कान ठेवून असे. हे २६५ दिवस चालले. १२ मुख्य आणि १२ राखीव अशा २४ जणांपैकी १० जण वाटेतच कमी झाले. मोबदला दिवसाला ५ डॉलर. विचारविनिमय मात्र चार तासांच्या आत आटोपला आणि ३ ऑक्टोबरला निर्दोषत्वाचा निकाल जाहीर झाला. त्या चार तासांवर जगभर रकाने भरले. त्यामागच्या २६५ दिवसांबद्दल त्या मानाने फारच थोडे लिहिले गेले.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ज्युररला हा शहाणपणा करण्याची मुभाच नसते. त्याने गुन्हा केलेला नसतो, फिर्याद दिलेली नसते, त्याचे कोणाशी वैर नसते. मतदारयादीतून त्याचे नाव निघते, घरी समन्स येते आणि तो जातो. खटले लांबतात याविषयी बोलताना आरोपीचे हाल मोजले जातात आणि ते मोजलेच पाहिजेत. पीडितांची तडफड मोजली जाते, सरकारी तिजोरीतून गेलेला पैसाही मोजला जातो. या सगळ्या हिशेबात ज्युरर अगदी शेवटी येतो, आणि आला की बहुधा एकच उपाय सुचवला जातो: त्याला कायमचे घरी पाठवा. हा उपाय मला चुकीचा वाटतो. का, ते सांगण्याआधी हे ओझे वाढले कसे, ते पाहायला हवे.

मुळात ज्युरीची पद्धत बेतलेली होती ती छोट्या खटल्यांवर. सतराव्या-अठराव्या शतकात लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात एकच ज्युरी एका दिवसात अनेक खटले ऐके, आणि कित्येक खटले तासाभरातही उरकत. निर्णय होईपर्यंत ज्युरीला अन्न-पाणी आणि शेकोटी मिळू नये, हा जुना इंग्रजी नियम त्यामुळेच टिकला. १६७० मध्ये विल्यम पेन आणि विल्यम मीड यांना दोषी ठरवायला ज्युरीने नकार दिला, तेव्हा तिला याच नियमाने दोन रात्री कोंडून ठेवण्यात आले, आणि तरीही एडवर्ड बुशेल हा ज्युरर आणि त्याचे सोबती वाकले नाहीत. ज्युरीला तिच्या निकालाबद्दल शिक्षा करता येत नाही, हे तत्त्व त्या कोंडण्यातून आले. पण दोन रात्री कोंडणे निराळे आणि दोन वर्षे बसवणे निराळे.

पहिली मोठी चिंता दिसते ती १७९४ मध्ये. थॉमस हार्डी या चर्मकारावरचा राजद्रोहाचा खटला आठवडा उलटून गेला तरी चालू होता. तोवर असे खटले एका दिवसात संपत. नुसते सरकारी वकिलाचे पहिले भाषणच नऊ तासांचे झाले. ज्युरीला रात्री झोपवायचे कुठे, हा प्रश्न इंग्लंडच्या कायद्यापुढे असा पहिल्यांदाच आला. निकाल निर्दोषत्वाचा लागला. मग १८७३-७४ चा टिचबोर्न खटला. एका बड्या घराण्याचा हरवलेला वारस असल्याचा दावा करणाऱ्या माणसावरचा खोट्या साक्षीचा हा खटला १८८ दिवस चालला आणि पुढे शतकभर त्याची लांबी लोक नवलाने सांगत राहिले.

आपल्याकडचा सर्वांत गाजलेला ज्युरी खटला मात्र लांबला नव्हता. १९०८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांवरचा खटला १३ जुलैला सुरू झाला आणि २२ जुलैच्या रात्री संपलासुद्धा. त्यातले २१ तासांहून अधिक एकट्या टिळकांचे भाषण होते. सात युरोपियन आणि दोन पारशी ज्युरर, ‘केसरी’तले मराठी लेख भाषांतरातून त्यांच्यापुढे, आणि सात विरुद्ध दोन मतांनी दोषी. खटला झटपट झाला म्हणून न्याय झाला, असे कोणी मराठी माणूस म्हणणार नाही. खटला किती दिवस चालला याइतकाच त्या खुर्च्यांवर कोण बसले होते हा प्रश्न मोठा आहे, आणि लांबलेल्या खटल्यात हे दोन प्रश्न एकमेकांत कसे गुंततात ते पुढे येईलच.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खटले फुगले त्याची कारणे बरीच आहेत, पण सर्वांत मोठे कारण ‘कट’ हा आरोप. कटाचा आरोप ठेवला की दहा, वीस, तीस माणसांना एकाच पिंजऱ्यात उभे करता येते. प्रत्येकाचा वकील वेगळा, प्रत्येक साक्षीदाराची उलटतपासणी तितक्यांदा. न्यूयॉर्कचा ‘पिझ्झा कनेक्शन’ खटला १९८५ च्या शरदात सुरू झाला आणि मार्च १९८७ मध्ये संपला. पिझ्झाच्या दुकानांआडून चालणारा सिसिलियन माफियाचा हेरॉइनचा व्यापार हा त्याचा विषय. वीसहून अधिक आरोपी, चोरून ऐकलेली फोनवरची संभाषणे आणि त्यांची भाषांतरे महिनोन्‌महिने ज्युरीपुढे वाचली जात होती. ज्युररांची नावे गुप्त ठेवली होती, आणि ते खबरदारीचे होते: खटला चालू असताना एका आरोपीचा मृतदेह सापडला, दुसऱ्यावर भर रस्त्यात गोळ्या झाडल्या गेल्या. ही बातमी कानावर येऊ न देता रोज जाऊन त्या खुर्चीवर बसायचे, अशी ज्युररकडून अपेक्षा.

त्याच सुमारास शेजारच्या न्यूअर्कमध्ये लुकेझी टोळीच्या २० जणांवरचा खटला २१ महिने चालला. ऑगस्ट १९८८ मध्ये ज्युरीने १४ तास विचार केला आणि सगळेच्या सगळे आरोपी सर्व आरोपांतून सोडून दिले. सरकार पक्षाला हा धडा होता. कोणता पुरावा कोणाविरुद्ध आहे हेच वीस महिन्यांनंतर धूसर होणार असेल, तर पुराव्याचा डोंगर सरकारच्याच अंगावर येतो. मुलांच्या लैंगिक छळाच्या आरोपावरून चाललेल्या कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडी खटल्याची तऱ्हा आणखी करुण. जुलै १९८७ मध्ये ज्युरीपुढे सुनावणी सुरू झाली आणि निकाल लागला १८ जानेवारी १९९० रोजी. शेवटचे नऊ आठवडे नुसत्या विचारविनिमयाचे. ५२ आरोपांत निर्दोष, १३ आरोपांत एकमत नाही. अडीच वर्षांत लहान मुलांच्या साक्षी ऐकून त्या माणसांच्या मनाचे काय झाले असेल, हे विचारायची तेव्हा पद्धतच नव्हती.

या साऱ्यांत माझ्या मते सर्वांत बोलका खटला लंडनचा आहे. तिथल्या भुयारी रेल्वेच्या जुबिली मार्गाच्या विस्तारकामात कंत्राटांवरून लबाडी आणि लाचखोरी झाल्याचा आरोप होता. जून २००३ मध्ये ओल्ड बेलीत ज्युरी बसली. पुढे काय झाले? ज्युरी बसली कमी आणि थांबून राहिली जास्त. कायद्याच्या मुद्द्यावर वाद निघाला की ज्युरीला बाहेर पाठवतात, कारण पुरावा ग्राह्य आहे की नाही ते तिने ऐकायचे नसते. आजारपणे आली, सुट्ट्या आल्या. एक ज्युरर गरोदर राहिली म्हणून गेली, एकाला सरकारी भत्ता लबाडीने घेतल्याच्या संशयावरून काढावे लागले, आणखी एकाने पैशाच्या प्रश्नावरून पुढे बसायला नकार दिला. २१ महिन्यांनी, २२ मार्च २००५ रोजी, सरकार पक्षाने हात टेकले. कोट्यवधी पौंड गेले होते आणि निकाल कसलाच नव्हता.

त्यानंतर एक दुर्मीळ गोष्ट घडली. इंग्लंडमध्ये ज्युरीच्या खोलीत काय बोलणे झाले ते बाहेर सांगणे गुन्हा आहे. पण इथे विचारविनिमयाची वेळच आली नव्हती, त्यामुळे या ज्युररांशी बोलता आले. सॅली लॉइड-बॉस्टॉक या अभ्यासक महिलेने त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि २००७ मध्ये निष्कर्ष छापले. हिशेब, कंत्राटे, कागदपत्रे सामान्य माणसाला कळत नाहीत, म्हणून असे खटले ज्युरीपुढे नकोत, असा सूर तोवर सगळीकडे होता. ज्युररांच्या बोलण्यातून चित्र निघाले ते उलटे. त्यांना खटला चांगला समजला होता. त्यांनी टिपणे ठेवली होती, एकमेकांना समजावून दिले होते. त्यांची तक्रार होती ती वेगळीच: वेळ वाया गेला, काय चालले आहे ते कोणी सांगत नव्हते, आणि पुन्हा नोकरीवर रुजू होताना भोगावे लागले ते त्यांनाच. अडचण डोक्याची नव्हती, व्यवस्थेची होती.

तरीही राजकारण गेले ते दुसऱ्या दिशेने. १९८६ मध्येच लॉर्ड रॉस्किल यांच्या समितीने गुंतागुंतीच्या आर्थिक गुन्ह्यांसाठी ज्युरीऐवजी खास न्यायपीठ सुचवले होते. समितीतल्या वॉल्टर मेरिक्स यांनी एकट्याने विरोधी मत नोंदवले. २००३ च्या कायद्यात लांब चालणारे आर्थिक खटले एकट्या न्यायाधीशाने चालवण्याची तरतूद आली आणि तिचे कारण म्हणून ज्युरीवरच्या ओझ्याचाच उल्लेख झाला. ती कधी अमलात आली नाही, २००७ मध्ये वरिष्ठ सभागृहाने नवा प्रयत्न हाणून पाडला आणि २०१२ मध्ये तरतूदच रद्द झाली. २०२५ मध्ये सर ब्रायन लेव्हसन यांच्या अहवालाने तीच सूचना पुन्हा मांडली आहे.

मधल्या काळात स्कॉटलंडने ब्रिटनमधल्या सगळ्यांना मागे टाकले. ग्लासगोत घरांच्या फसवणुकीचा एक खटला सप्टेंबर २०१५ ते मे २०१७ असा ३२० दिवस चालला. स्कॉटिश ज्युरी १५ जणांची असते. शेवटी उरले १२, म्हणजे कायद्याने चालतील तेवढेच. आणखी एकाला ताप आला असता तर पावणेदोन वर्षे पाण्यात गेली असती. फसवणुकीची रक्कम होती सुमारे १६ लाख पौंड, आणि खटल्याचा खर्च त्याच्या कितीतरी पट.

पैशाचे बोलू. इंग्लंडमध्ये ज्युररला बुडालेल्या पगारापोटी पहिले १० दिवस रोजी जास्तीत जास्त ६४.९५ पौंड मिळत आले आहेत. अकराव्या दिवसापासून मर्यादा दुप्पट होते. २०१ व्या दिवसापासून आणखी वेगळा दर आहे. २०१ वा दिवस! सामान्य माणसाला इतके दिवस बसवले जाईल हे ज्याने दरपत्रक बनवले त्याला ठाऊक होते. अमेरिकेच्या संघीय न्यायालयात रोजचे ५० डॉलर, दहा दिवसांनंतर ६० पर्यंत. ज्युरीला गेला म्हणून नोकरीवरून काढता येत नाही, पण त्या काळाचा पगार देण्याची सक्ती संघीय कायद्यात नाही. दुकान चालवणारा, टॅक्सी हाकणारा, रोजंदारीवर जाणारा यांनी सहा महिने काय खायचे?

याचे उत्तर व्यवहारात असे निघते की ती माणसे ज्युरीत येतच नाहीत. निवडीच्या वेळी न्यायाधीश विचारतात, तुम्हाला इतके महिने जमेल का. ज्याला जमत नाही तो अडचण सांगून सुटतो. अमेरिकेच्या फेडरल ज्युडिशियल सेंटरने १९८७ मध्ये लांब चाललेल्या दिवाणी खटल्यांतल्या ज्युरीचा अभ्यास केला, तेव्हा दिसले की त्यात निवृत्त, अविवाहित आणि बेरोजगार माणसे अधिक, पदवीधर कमी. फौजदारी खटल्यातही गाळण हीच लागते. ज्युरी म्हणजे समाजाचा छेद, अशी या पद्धतीची सगळी प्रतिष्ठा. आणि खटला जितका लांब तितका तो छेद तिरका. टिळकांच्या ज्युरीत समाज नव्हता तो साम्राज्याने मुद्दाम बाहेर ठेवला म्हणून. आज तो बाहेर राहतो ते घरभाड्यापायी. बाहेर राहणाऱ्याच्या दृष्टीने यात फारसा फरक नाही.

मनाचे ओझे याहून अवघड, कारण ते दरपत्रकात बसत नाही. १९९५ मध्ये मालिका-खुनांच्या आरोपावरून चाललेल्या रोझ वेस्टच्या खटल्यानंतर ब्रिटनमध्ये ज्युररांना समुपदेशन देऊ केले गेले, तेव्हा ती नवी गोष्ट होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये मँचेस्टरला सुरू झालेला लुसी लेट्बी खटला, नवजात बाळांच्या मृत्यूंचा, दहा महिने चालला. त्यानंतर १०० हून अधिक तास विचारविनिमय करणाऱ्या ज्युरीला न्यायाधीशांनी पुढच्या ज्युरी-सेवेतून आयुष्यभरासाठी मोकळे केले. ही सहृदयता होती खरी, पण मोकळे करण्याने ऐकलेले पुसले जात नाही. त्यात गुप्ततेचा कायदा असा की घरात नवऱ्याजवळ किंवा बायकोजवळही ज्युरीच्या खोलीतले बोलता येत नाही. कॅनडात तर ज्युरर मानसोपचारतज्ज्ञापाशीही ते बोलू शकत नव्हता. माजी ज्युररांनी संसदेच्या समितीपुढे येऊन आपले हाल सांगितले, २०१८ मध्ये समितीचा अहवाल आला, आणि २०२२ मध्ये कायदा बदलून उपचारासाठी बोलण्याची मुभा मिळाली. जपानमध्ये २००९ पासून व्यावसायिक न्यायाधीशांच्या शेजारी सामान्य नागरिक बसतात. फुकुशिमात अशाच एका महिलेने खुनाची छायाचित्रे पाहावी लागल्याने मानसिक आघात झाला म्हणून सरकारवर दावा लावला. न्यायालयाने २०१४ मध्ये आघाताचा त्या कामाशी संबंध मान्य केला आणि भरपाई नाकारली.

कंटाळा हाही या ओझ्याचाच एक भाग आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २००८ मध्ये सिडनीत अमली पदार्थांचा एक खटला ६६ दिवस चालून १०५ साक्षीदार झाल्यावर मोडावा लागला. ज्युररांपैकी काही जण भराभर काही उतरवून घेतात असे वाटत होते, ते प्रत्यक्षात सुडोकू सोडवत होते. त्यांच्यावर टीकेची झोड उठली. पण दिवसाचे सहा तास तोंडातून शब्द न काढता, प्रश्न न विचारता, ऐकतच राहायचे हे काम किती कठीण आहे याची कल्पना रोज कोर्टात बोलणाऱ्यांना येत नाही.

दुसऱ्या टोकाला सिसिलीतले पालेर्मो आहे. फेब्रुवारी १९८६ मध्ये तिथे माफियाविरुद्धचा महाखटला सुरू झाला. ४७५ आरोपी, तुरुंगाला लागून मुद्दाम बांधलेले बंकरसारखे न्यायालय, दोन न्यायाधीश आणि त्यांच्यासोबत सहा सामान्य नागरिक. जवळजवळ दोन वर्षे हे सहा जण येत राहिले. शेवटी त्या सर्वांना निर्णयासाठी ३५ दिवस बंद ठेवले गेले, आणि १६ डिसेंबर १९८७ रोजी तीनशेहून अधिक जण दोषी ठरले. माफियाच्याच शहरात राहणारी साधी माणसे होती ही. सामान्य माणसाला मोठा खटला पेलत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी पालेर्मो आठवावे. आणि म्हणूनच, ज्याच्याकडून एवढे मागितले जाते त्याला काय दिले जाते हा प्रश्न सोडता येत नाही.

उपाय सापडलेले आहेत, आणि ते न्यायाधीशाच्या हातातले आहेत. पिझ्झा कनेक्शनच्या अपिलात १९८९ मध्ये न्यूयॉर्कमधल्या संघीय अपील न्यायालयाने सांगितले: सरकार पक्षाचे काम चार महिन्यांपुढे जाणार असेल तर सगळ्यांना एकत्र का गुंफायचे याचे कारण आधी द्या, आणि आरोपी दहाच्या वर असतील तर ते कारण अधिक भक्कम हवे. जुबिली खटला कोसळला त्याच दिवशी इंग्लंडच्या सरन्यायाधीशांनी नवी नियमावली दिली, तिचे उद्दिष्ट तीन महिन्यांत खटला आणि अपवाद म्हणून सहा. जपानमध्ये नागरिक येण्याआधीच न्यायाधीश आणि वकील बसून वादाचे मुद्दे ठरवतात आणि मग सुनावणी सलग घेतात, त्यामुळे बहुतेक खटले काही दिवसांत होतात. ॲरिझोनाने तर सरळ पैशाचा प्रश्न सोडवला: न्यायालयात दाखल होणाऱ्या दाव्यांवर थोडे जादा शुल्क, त्यातून निधी, आणि लांबलेल्या खटल्यातल्या ज्युररला दिवसाला ३०० डॉलरपर्यंत भरपाई. हे सारे कंटाळवाणे, कारकुनी काम आहे. ज्युरी रद्द करण्याचे भाषण त्यापेक्षा सोपे.

ज्युरी रद्द केल्याने काय होते, याबद्दल आपल्याला ऐकीव माहितीवरून बोलायचे कारण नाही. १९५८ मध्ये विधी आयोगाने ज्युरी बंद करण्याची शिफारस केली. पुढच्याच वर्षी मुंबईत खुनाच्या नानावटी खटल्यात ज्युरीने आरोपीला आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवले, न्यायाधीशांनी तो निकाल मानला नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि ज्युरीचे नाव बद्दू झाले. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरी उरली नाही. नानावटी खटल्याची ज्युरीपुढची सुनावणी महिन्याभरात संपली होती, कारण नऊ माणसे बसवलेली होती आणि त्यांना परत घरी पाठवायचे होते. त्याच मुंबईत १९९३ च्या बॉम्बस्फोटांचा खटला दहशतवादविरोधी ‘टाडा’ कायद्याखालच्या न्यायालयात १९९५ ला उभा राहिला आणि २००७ मध्ये संपला. ही तुलना सरळ नाही हे मान्य: एकीकडे एक खून, दुसरीकडे २५७ बळी, १२३ आरोपी, ६८४ साक्षीदार. पण साधे खटलेही आपल्याकडे वर्षानुवर्षे तारखेवर तारीख घेत चालतात. साक्षीदार हजर असतील तर सुनावणी रोजच्या रोज चालवावी, असे जुन्या संहितेच्या कलम ३०९ मध्ये लिहिलेले होते आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ३४६ मध्येही आहे. ते पाळले जात नाही, कारण न पाळल्याने ज्याचे काम अडते असा कोणी आता न्यायालयात बसलेला नसतो. ओझे नाहीसे झाले नाही. ते खेटे घालणाऱ्या साक्षीदारावर आणि कच्च्या कैद्यावर गेले. देशातल्या दर चार कैद्यांपैकी जवळपास तीन अजून दोषीही ठरलेले नाहीत.

परदेशातही ज्युरी नसली म्हणून खटला लवकर संपतो असे नाही. एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानातल्या ३२९ जणांच्या हत्येचा कॅनडातला खटला आरोपींच्याच संमतीने ज्युरीविना, एका न्यायाधीशापुढे चालला. तोही २००३ ते २००५ असा चाललाच, आणि मार्च २००५ मध्ये दोघे निर्दोष सुटले. न्यायाधीश पगारी असतो, तो महिने मोजत नाही. ज्युरर मोजतो. खटला बेतशीर ठेवा असे व्यवस्थेला रोज आपल्या हजेरीने सांगणारा तो एकटाच आहे, आणि इंग्लंडमध्ये आज ७५ हजारांहून अधिक खटले तुंबलेले असताना त्यालाच बाहेर काढण्याचा विचार चालू आहे. त्याआधी तिथल्या संसदेने जुबिली मार्गाच्या त्या ज्युररांच्या मुलाखती पुन्हा काढून वाचाव्यात, आणि ॲरिझोनाच्या निधीसारखा निधी लंडन आणि ग्लासगोत उभारायला किती खर्च येईल, ते मांडून पाहावे.